सावलीतली ब्राह्मी: रोप ओळखण्यापासून पहिल्या कापणीपर्यंत

ज्यांच्या बागेत ऊन कमी येतं ते औषधी वनस्पतींच्या वाटेला सहसा जात नाहीत. गेलेच तर तुळस आणतात, ती उन्हावाचून महिन्या-दीड महिन्यात काडी होते, आणि मग ‘आपल्या हाताला झाड लागत नाही’ असं ठरवून मोकळे होतात. हाताचा काही दोष नसतो, निवड चुकलेली असते. भिंतीच्या आडोशाला, मोठ्या झाडाखाली, पाण्याच्या नळाशेजारी, जिथे माती लवकर सुकत नाही अशा जागी ब्राह्मी म्हणून ओळखली जाणारी मंडूकपर्णी मजेत पसरते. ती बहुवर्षायू आहे. एकदा रुजली की दरवर्षी नव्याने लावायची भानगड नाही, पानं खुडत राहायची.

माझी पहिली ब्राह्मी मात्र दोन महिन्यांत मेली, आणि ती मरण्याचं कारण पाणी, माती, खत यांपैकी काहीच नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी रोप ओळखा

‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन पूर्ण वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक मंडूकपर्णी, शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. हिला मराठीत कारिवणा असंही नाव आहे. ही कोथिंबीर, गाजर, जिरे यांच्या कुळातली. दुसरी नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी, शास्त्रीय नाव बाकोपा मोन्निएरी. दोघींचं कूळ वेगळं, दोघींतली औषधी द्रव्यं वेगळी, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघींची उन्हाची गरजही वेगळी. नीरब्राह्मीला चांगलं ऊन आणि चिखल लागतो. मला नर्सरीतून ‘ब्राह्मी’ म्हणून मिळाली ती नीरब्राह्मी होती. मी तिला कौतुकाने भिंतीआड सावलीत ठेवली. ती लांबत गेली, पिवळी पडली आणि संपली.

दोघींतला फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चूक होत नाही. मंडूकपर्णीचं प्रत्येक पान जमिनीलगतच्या पेरातून, म्हणजे फांदीवरच्या गाठीतून, स्वतःच्या लांब देठावर उभं राहतं. पानाचा आकार मूत्रपिंडासारखा किंवा घोड्याच्या खुरासारखा, कडा बारीक गोलसर दातेरी, रुंदी साधारण २ ते ५ सेंटिमीटर. देठ पानाला जिथे जोडलेला असतो तिथे ठळक खाच असते. नीरब्राह्मीची पानं एखाद्या नखाएवढी, जाडसर, चमच्याच्या आकाराची असतात. ती मांसल खोडावर समोरासमोर जोडीने येतात आणि त्यांना देठ जवळजवळ नसतोच. तिची फुलं पांढरट किंवा फिकट जांभळी आणि सहज दिसणारी. मंडूकपर्णीची फुलं शोधावी लागतात. पानांखाली, मातीला टेकलेल्या बारक्या गुच्छांत, गुलाबीसर रंगाची.

आणखी काही सोंगं आहेत. ज्या वेलीचा देठ पानाच्या बरोबर मध्यभागी, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला असतो ती शोभेची हायड्रोकोटाइल. उंदीरकानीची पानं दुरून अगदी हुबेहूब वाटतात, पण तिला पिवळी फुलं येतात. हा नियम सरसकट लक्षात ठेवा: फूल पिवळं असेल तर ती मंडूकपर्णी नव्हेच. खोड चौकोनी असेल आणि पान चुरडल्यावर पुदिन्याच्या जातीचा वास आला तर तीही वेगळीच वनस्पती. मंडूकपर्णीचं पान चुरडलं की गाजराच्या पाल्याची आठवण करून देणारा सौम्य वास येतो.

जुन्या पुस्तकांत हीच वनस्पती हायड्रोकोटाइल एशियाटिका म्हणून सापडेल, कारण १७५३ साली लिनियसने तिला त्या नावाने नोंदवलं होतं. सेंटेला एशियाटिका हे नाव १८७९ पासूनचं. त्यामुळे पुस्तकातल्या नावावर न जाता पान आणि देठ बघा. रोप विकत घेताना फूल किंवा धावती फांदी (जमिनीवरून पसरत जाणारी) दिसेपर्यंत घाई करू नका. ओळखीच्या माणसाकडे खात्रीची वेल असेल तर तिथून चार फांद्या मागून आणणं सगळ्यात उत्तम.

सावली मोजा

‘सावलीत वाढते’ असं वाचून लोक ती जिन्याखाली ठेवतात. तिथे ती मरत नाही, पण वाढतही नाही. मंडूकपर्णीला हवी असते विरळ सावली: झाडाच्या फांद्यांतून झिरपणारा उजेड, किंवा सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर आडोसा. जागा उघडीच असेल तर साधारण निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी पुरते.

जागेचा अंदाज घ्यायला एक पांढरा कागद पुरतो. भर दुपारी जिथे रोप ठेवायचं तिथे कागद पसरा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड स्पष्ट, बोटं मोजता येतील अशी दिसली तर ऊन जास्त आहे. हात आहे एवढं कळतं पण कड विरघळलेली आहे, तर जागा योग्य. कागदावर काहीच उमटलं नाही तर ती जागा शोभेच्या झाडांना द्या. हे एकदा करून भागत नाही. सूर्य ऋतूप्रमाणे सरकतो, आणि पानगळीच्या झाडाखालची सावली तर वर्षातून काही महिने गायबच होते. म्हणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघा.

लावल्यानंतर मात्र कागदाची गरज उरत नाही, वेलच सांगते. देठ वीतभर लांब, पानं मोठी पण पातळ आणि फिकट, धावत्या फांद्या मोजक्याच, असं दिसलं की उजेड कमी पडतोय. उलट पानं लहान, जाड, जमिनीला चिकटलेली आणि कडेने तांबूस झाली असतील तर ऊन जास्त होतंय. देठ साधारण बोटभर, पान हिरवंगार आणि दर आठवड्याला नवी फांदी बाहेर पडताना दिसली की कुंडी अजिबात हलवू नका. हलवाहलवीचा मोह नव्या माळ्याला फार असतो.

जमीन की कुंडी?

पहिल्या वर्षी कुंडीच. एक तर जागा बदलता येते. दुसरं म्हणजे ही वेल जमिनीवर सुटली की पेरापेराला मुळं धरत पुढे जाते आणि शेजारच्या वाफ्यात घुसते. जमिनीतच लावायची असेल तर वाफ्याच्या कडेने १५ सेंटिमीटर खोल विटा किंवा फरशीचे तुकडे उभे पुरा आणि कडेवरून उड्या मारणाऱ्या फांद्या महिन्यातून एकदा कापा.

कुंडी खोल नको, पसरट हवी. मुळं फार खाली जात नाहीत, फांद्यांना मात्र टेकायला माती लागते. १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि ४० सेंटिमीटरच्या आसपास रुंद भांडं चांगलं. जुनं घमेलं, टब, ट्रे काहीही चालेल, तळाला भोकं मात्र हवीत. मातीची कुंडी दिसायला छान, पण तिच्या भिंतीतून पाणी उडून जातं. या एका वनस्पतीसाठी मी प्लास्टिकच्या बाजूने मत देईन.

मिश्रणासाठी दोन भाग साधी माती, दोन भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा पालापाचोळ्याचं खत आणि एक भाग कोकोपीट. माती चिकण असेल तर कोकोपीटऐवजी जाड वाळू घ्या. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा: गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचल्यावर फुटायला हवा. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असला की पुरे, त्याच्यासाठी जीव टाकू नका.

एका बाबतीत मात्र जीव टाका. मंडूकपर्णी मातीतले शिसं, कॅडमियम असे जड धातू शोषून पानांत साठवते. दूषित जमिनीतले धातू ओढून काढण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे, इतकी ती यात तरबेज. म्हणून गटाराकाठची, रस्त्याच्या कडेची, जुन्या रंगाचे पापुद्रे पडणाऱ्या भिंतीखालची माती घेऊ नका. सांडपाणी घालू नका. ओढ्याकाठी आपोआप वाढलेली वेल दिसली तर तिथली पानं तोंडात टाकू नका. लावायला एखादी फांदी आणलीत तरी तिची जुनी पानं काढून टाका आणि स्वच्छ मातीत फुटलेली नवी पानंच वापरा.

लावणी

बियांच्या नादी लागू नका. त्या उशिरा उगवतात, थोड्याच उगवतात, आणि रोप हाताएवढं व्हायला महिने जातात. धावत्या फांद्यांपासून लावणी करा. रात्री फार गार नाहीत असा हंगाम निवडा. हिची वाढ साधारण २० ते ३० अंश तापमानात जोमाने होते.

१. आईवेलीपासून निघालेली, पेरांना आधीच बारीक पांढरी मुळं सुटलेली फांदी निवडा. पेर म्हणजे जिथून पानांचा झुपका आणि मुळं दोन्ही फुटतात ती गाठ. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन पेरं येतील अशी स्वच्छ कात्रीने कापा. दोन पेरांमधला नुसता दोरा लावून काही उपयोग नाही.

२. प्रत्येक पेरावर एक-दोन कोवळी पानं ठेवा, बाकीची खुडा. मुळं नसताना पानांचा पसारा सांभाळणं तुकड्याला झेपत नाही. पानं काढायला मन होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी काढा.

३. तुकडे कापल्यापासून लावेपर्यंत ओल्या कापडात ठेवा. अर्धा तास उघड्यावर राहिले तरी ते मलूल होतात.

४. माती आधीच भिजवून घ्या. बोटाने उथळ चर काढा, तुकडा आडवा ठेवा आणि पेरं जेमतेम झाकतील एवढीच माती ओढा. वाढीचं टोक वर राहू द्या. खोल पुरलेलं पेर कुजतं. पेर मातीला टेकलेलं राहावं म्हणून त्यावर छोटा खडा ठेवा किंवा केसांची पिन उलटी खोचा.

५. ४० सेंटिमीटरच्या कुंडीत चार-पाच तुकडे पुरेत. वाफ्यात दोन तुकड्यांमध्ये २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. मोकळी माती बघून घाबरू नका, ती भरते.

६. बारीक झारीने पाणी घाला आणि पहिले दहा-बारा दिवस कुंडी नेहमीच्या जागेपेक्षा थोड्या जास्त सावलीत ठेवा.

पहिल्या आठवड्यात जुनी पानं पिवळी पडतील. पडू द्या. दोन ते तीन आठवड्यांत पेराच्या मधोमध घडी घातलेलं चिमुकलं पान दिसलं की काम झालं. तुकडा उपटून मुळं आलीत का ते बघण्याचा उद्योग कृपया करू नये.

पाणी

या वेलीचं सगळं गणित पाण्यावर आहे. ती मुळात ओलसर, दलदलीच्या जागेतली. वरची माती बोटाला कायम ओलसर लागली पाहिजे. इतर कुंड्यांना लागू असलेला ‘वरचा थर सुकला की पाणी’ हा नियम इथे विसरा. हिची मुळं त्याच वरच्या थरात असतात.

किती दिवसांनी पाणी घालायचं, याला ठरावीक उत्तर नाही. उकाड्यात दिवसातून दोनदा लागेल, गार हवेत तीन दिवसांनी. बोट घालून ठरवा. मातीवर वाळक्या पानांचं पातळ आच्छादन टाकलं तर ओल टिकते, पण ते बोटभर जाड करू नका, नाहीतर फांद्यांची पेरं मातीपर्यंत पोहोचत नाहीत.

पाणी जास्त झालं म्हणून ही वेल सहसा दगावत नाही. पण जागा अंधारी, हवा गार आणि तळाला पाणी साचलेलं, असं तिन्ही एकत्र आलं की मुळं काळी पडून कुजतात. गार महिन्यांत कुंडीखालची ताटली रिकामी ठेवा.

आणि सुकलीच तर? एकदा चार दिवस बाहेर राहून परतलो तेव्हा सगळी पानं कागदासारखी झाली होती. कुंडी टाकून देणार होतो. त्याआधी सगळं मातीच्या बरोबरीने कापलं, कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवली आणि दाट सावलीत सरकवली. तीन आठवड्यांनी कडेच्या दोन पेरांतून पानं फुटली. मधला भाग गेलाच, पण त्या दोन पेरांवरून कुंडी पुन्हा भरली. तेव्हापासून बाहेर जाताना कुंडी ताटलीत ठेवून ताटली काठोकाठ भरतो.

खत आणि कीड

खत थोडंच. दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे प्रत्येक कापणीनंतर, मूठ-दोन मूठ गांडूळखत पानांखाली पसरून पाणी द्या. नत्राचा मारा केला तर पानं मोठी आणि मऊ होतात आणि त्यांच्यावर मावा येतो. कच्चं शेण घालू नका, पानं मातीला टेकलेली असतात आणि ती आपण खाणार असतो.

खरा शत्रू गोगलगाय. दोघांनाही ओल आणि सावली आवडते, त्यामुळे भेट होणारच. पानांवर वेडीवाकडी भोकं आणि चकाकणारा माग दिसला तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा आणि वेचून काढा. रात्री कुंडीशेजारी ओलं गोणपाट पसरून ठेवलं तर सकाळी त्याच्याखाली आयत्या सापडतात. विषारी गोळ्या खाण्याच्या वनस्पतीजवळ नकोत. हवा कोरडी असेल तर पानांच्या मागे लाल कोळी दिसतो. पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने पानं उलटी धरून धुवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुवा. कुंडीत गवत किंवा दुसरी वेल दिसली तर लहान असतानाच उपटा, पुढे मुळं एकमेकांत गुंततात आणि एक ओढताना दुसरी निघते.

पानं कधी तोडायची

पहिले तीन महिने थांबा. कुंडी भरली आणि फांद्या कडेवरून लोंबू लागल्या की पहिली कापणी. घरापुरती चार पानं हवी असतील तर पूर्ण उघडलेलं, गडद हिरवं पान देठासकट मातीलगत खुडा. मधलं कोवळं पान राहू द्या. एकदम जास्त हवी असतील तर एका वेळी अर्ध्याहून जास्त पानं काढू नका आणि पुढच्या कापणीआधी सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. लोंबणाऱ्या फांद्या कापून नव्या कुंडीत लावता येतात.

पानं वाहत्या पाण्यात एकेक करून धुवा, देठाच्या खाचेत माती आणि गोगलगायीची पिल्लं दडून बसतात. वाळवायची असतील तर उन्हात नाही. स्वच्छ कापडावर एकेरी थरात, सावलीत, वारा खेळता असेल अशा खोलीत पसरा आणि रोज परता. ताज्या पानांत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे मोठ्या ढिगाची अखेर मूठभरच उरते. देठ वाकण्याऐवजी कट्‌कन मोडला की वाळली. घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, तारीख लिहा, वर्षभरात संपवा. रंग तपकिरी झाला किंवा कुबट वास आला तर कंपोस्टात टाका.

पोटात घेण्याआधी

आयुर्वेदात बुद्धीसाठी सांगितलेली चार मेध्य रसायनं आहेत. मंडूकपर्णीचा रस, यष्टिमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा. जखमा आणि त्वचेच्या तक्रारींसाठीही मंडूकपर्णीचा वापर जुना आहे. आधुनिक अभ्यासात तिच्यातली एशियाटिकोसाइड, मेडेकॅसोसाइड ही द्रव्यं महत्त्वाची ठरली. यांतल्या पहिल्या नावात आशिया आहे आणि दुसऱ्यात मादागास्कर. जखम भरताना लागणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या निर्मितीला ती चालना देतात असं प्रयोगांत दिसलं आहे. बाजारातल्या क्रीमवर ‘सिका’ असं लिहिलेलं दिसतं ते बहुधा हिच्यामुळेच.

पण घरची आहे म्हणून ती वाटेल तेवढी घ्यायची नसते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात अर्जेंटिनातल्या तीन स्त्रियांची नोंद आहे. २० ते ६० दिवस मंडूकपर्णी घेतल्यावर त्यांना कावीळ झाली आणि ती थांबवल्यावर त्या बऱ्या झाल्या. असं क्वचित होतं, तरी यकृताचा आजार असलेल्यांनी ती घेऊ नये. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनीही टाळावी. झोपेची किंवा गुंगी आणणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि लहान मुलांना आपल्या मनाने देऊ नये. रोज घेत असाल तर सलग सहा आठवड्यांपलीकडे जाऊ नये असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. काहींच्या त्वचेला हिने पुरळ येतं, म्हणून लेप लावायचा असेल तर आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस वाट बघा. उघड्या जखमेवर बागेतलं कच्चं पान वाटून लावू नका, मातीतले जंतू सोबत जातात.

दुसऱ्या वर्षापासून पुढे

दीड-दोन वर्षांनी कुंडीचा मधला भाग विरळ होतो, पानं बारकी येतात आणि सगळी हिरवाई कडेला सरकते. वेल म्हातारी झाली असं वाटतं, प्रत्यक्षात तिला नवी माती हवी असते. संपूर्ण गड्डा उलटा करून बाहेर काढा, मधली काष्ठासारखी झालेली मुळं टाकून द्या, कडेचे टवटवीत तुकडे वेगळे करा आणि नव्या मिश्रणात पहिल्यासारखेच आडवे लावा.

दव गोठेल इतकी थंडी जिथे पडते तिथे कुंडी त्याआधी घरात, उजेडाच्या खिडकीपाशी आणा. जमिनीतली वेल अशा थंडीत वरून जळते आणि बऱ्याचदा मुळांसकट जाते. घरात वाढ जवळपास थांबते, म्हणून पाणी कमी करा आणि कापणी बंद ठेवा. हवा उबदार झाल्यावर बाहेर नेताना एकदम उघड्यावर ठेवू नका. आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर, आणि मग तिच्या जुन्या जागी. तिथे ठेवण्याआधी कागद पसरून सावली पुन्हा एकदा बघून घ्या. वर्षभरात वरच्या फांद्या वाढलेल्या असतात.